काढ्यानं ताप उतरला म्हणजे जंतू मेला का?

पांदणवाट (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यापासून आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर एकच निरोप फिरतोय. गुळवेल, काळमेघ, तुळस, हळद आणि कडुनिंबाची साल एकत्र उकळा, सात दिवस उपाशीपोटी घ्या. टायफॉइड, न्यूमोनिया, किडनीचं इन्फेक्शन, लिव्हरमधला पू, सगळं मुळासकट जाईल. खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले दोन बाहुले.

माझं नागभीडच्या बाजूला मेडिकल आहे. धानाचा पट्टा, श्रावण-भादव्यात तापाचे पेशंट रांगेनं. हा निरोप दाखवून "यातलं काही भेटते का तुमच्याकडं?" असं विचारणारे रोज येतात, म्हणून इथे धागा काढतोय.

आधीच सांगतो, मी झाडपाल्याचा वैरी नाही. रोवणीच्या दिवसांत पायाला चिखल्या झाल्या की हळद-तेल लावतात, खरजेला करंजाचं तेल लावतात. अडुळशाचं तर काय सांगावं, दुकानात मी जे ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रॉक्सॉलचं सिरप विकतो, त्या रेणूंचं मूळ अडुळशातल्या व्हॅसिसिनमध्येच आहे. पण अडुळसा कफ सुटा करतो, फुफ्फुसातला जंतू मारत नाही. ब्रोमहेक्सिनही मारत नाही. इथंच घोळ होतो.

चिखल्यांवर हळद लावली की हळद आणि जंतू समोरासमोर असतात. तीच हळद प्यायल्यावर काय होतं? पुडीतल्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रामचा चमचा घेतला तर ९० मिलिग्राम. त्यातलं बहुतेक शौचावाटे जातं. जे थोडं आतड्यातून शोषलं जातं ते आधी यकृतात पोचतं, आणि परक्या पदार्थाचं रूप पालटून बाहेर काढणं हे यकृताचं रोजचं काम. माणसांना ग्राम-ग्राम करक्युमिन देऊन रक्त तपासलं तर त्यात नावापुरतंच सापडतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतू मारायला जेवढं लागतं तेवढं रक्तात कधी जमतच नाही. "हळदीनं बॅक्टेरिया मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" ही बातमी खोटी नसते. ती बशीतली असते.

(मिरी घाला म्हणणारे येतीलच. मिरीतल्या पायपेरीननं करक्युमिनचं शोषण वीसपट वाढल्याचा १९९८ चा अभ्यास आहे, मान्य. नगण्यच्या वीसपट किती होतं ते तुम्हीच मोजा.)

तर इथल्या मंडळींना विचारायचंय: झाडपाल्याची हद्द तुम्ही कुठे आखता? तुमच्या गावात ती कोण आखतं?

---

बापूराव आकोटवाले

पांदणभाऊ, लय बारीक लिवलं बापा. दोनदा वाचलं तवा समजलं. पन मले हे आपल्या फवारनीसारखं दिसून राह्यलं. निंबोळी अर्क मारला का मावा-तुडतुड्यावर चालते, पानावरची अंडी-गिंडी बी जातात. पन गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात घुसली का मंग वरून निंबोळीचा पाऊस पाडला तरी तिले काय फरक पडते? ते आतमंदी सरकी खात बसते. बरोबर समजलो का मी?

पन एक सांगतो. आमच्या आजीनं चिरायत्याचा काढा पाजू पाजू अख्खं घर वाढवलं. आमी तं कोनी मेलो नाई.

---

पांदणवाट

बापूराव, बोंडअळीचं तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगितलंत. आजीबद्दल बोलायची माझी छाती नाही. फक्त एवढंच, पोरांचे बहुतेक ताप विषाणूचे असतात आणि तीन ते पाच दिवसांत आपोआप जातात. त्या दिवसांत जे पाजाल त्याला जस मिळतो. माझ्या दुकानातल्या लाल-पिवळ्या कॅप्सूलला पण असाच फुकटचा जस मिळतो, हे धंदेवाला म्हणून कबूल.

---

कुरखेड्याचा

पुन्हा तेच. जंगलातल्या माणसाला अडाणी ठरवायचं आणि गोळी विकायची.

काही प्रश्न. क्विनीन कुठून आलं? सिंकोना झाडाच्या सालीतून. आमच्या गडचिरोलीत फॅल्सिपॅरम या जिवघेण्या जातीच्या मलेरियाला आज सरकारच जे आर्टेसुनेट देतं, ते कुठून आलं? आर्टेमिसिया नावाच्या झुडपातून. तो काय जंतू चामडीवर बसलेला असतो? रक्तातल्या लाल पेशीत बसलेला असतो. मग "झाडपाला आत पोचत नाही" हे कसं?

आणि दुसरं. गावात झोलाछाप, म्हणजे बिनडिग्रीचा डॉक्टर बसलाय, थंडी वाजली की सलाईन, शिंक आली की सुई. अर्धा कोर्स, पाव कोर्स. अँटिबायोटिक निकामी कुणी केली? वैदूनं केली का?

---

सूक्ष्मदर्शी

वर्ध्यात मायक्रोबायोलॉजीत काम करते. कुरखेड्याचा यांचे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, त्यामुळे जरा सविस्तर.

आर्टेमिसियाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. चीनमध्ये ही वनस्पती तापावर शतकानुशतकं वापरात होती. १९७० च्या सुमारास तू यूयू यांच्या गटानं ती हाती घेतली तेव्हा उकळून काढलेला अर्क धड चालेना. कधी गुण यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या नोंदीत ती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. उष्णतेनं औषधी घटक नष्ट होत असावा असा तर्क करून त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो लागू पडला. पुढे त्यातला शुद्ध रेणू वेगळा केला, त्याचं प्रमाण ठरवलं. २०१५ चं नोबेल त्यासाठी.

म्हणजे झाडात औषध होतंच. पण काढा उकळण्याच्या रीतीतच ते नासत होतं. आजही आर्टेमिसियाचा चहा मलेरियावर घेऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण कपात औषध किती उतरलं ते पानागणिक, हंगामागणिक बदलतं. कमी पडलं की परजीवी मरत नाही, त्या औषधाला सरावतो. हा धोका इतका खरा आहे की भारतात २००९ साली आर्टेमिसिनिनच्या एकट्या गोळीवरच बंदी आली. ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनंच द्यायचं. शुद्ध गोळी एकटी द्यायला जिथं सरकार घाबरतं, तिथं अंदाजानं टाकलेल्या मूठभर पाल्यावर कसं विसंबायचं?

"आत पोचत नाही" हे मात्र सरसकट म्हणू नये, इथं पांदणवाट यांना टोकते. काही रेणू पोचतात, काही नाही, आणि प्रत्येकाचं वेगळं तपासावं लागतं. दारुहळदीतल्या बर्बेरीनचं बघा. ते तोंडानं घेतलं तर एक टक्काही रक्तात जात नाही. पण जुलाबात त्याचा थोडाफार उपयोग होतो, कारण तिथं जंतू आतड्याच्या पोकळीत असतो आणि औषध त्याच पोकळीतून चाललेलं असतं. आमांशाला कुड्याची साल देतात त्यामागेही असंच काहीसं आहे. तिच्यातला कोनेसीन हा घटक अमिबावर चालतो. आतड्याची पोकळी एका अर्थानं शरीराच्या बाहेरच आहे. तोच अमिबा भिंत फोडून यकृतात शिरला आणि तिथं पू झाला की कुड्याचं काम संपतं. मग मेट्रोनिडॅझोल हे औषध, आणि गळू मोठं असेल तर सुईनं पू काढणं.

---

कुरखेड्याचा

हे पटण्यासारखं बोललात. ईथरचं माहीत नव्हतं. झोलाछापाबद्दल कुणीच बोललं नाही मात्र.

---

पांदणवाट

बोलतो. त्यासाठी स्क्रब टायफसचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात काढेवाला आणि सुईवाला दोघेही हरतात.

२०१८ साली नागपूर भागात याची साथ आली तेव्हा हे नाव आमच्याकडे लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. आजार जुनाच. बांधावरच्या गवतात, झुडपात चिगर नावाची माइटची (गोचिडीच्या जातीतल्या बारीक किड्याची) अळी असते, डोळ्याला न दिसणारी. ती चावते तिथं पुष्कळदा काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बाईमाणसाच्या छातीखाली. म्हणजे जिथं कुणी बघत नाही नेमकं तिथं. मग ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी. दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुस, किडनी, मेंदूपर्यंत मामला जातो.

याचा जंतू आपल्याच पेशीच्या आत शिरून राहतो. काढ्याचं सोडा, झोलाछाप जी जालीम सुई देतो ती सेफ्ट्रियाक्सोन, तीही याच्यावर चालत नाही. त्या कुळातली औषधं जंतूच्या भिंतीवर घाव घालतात आणि या जंतूला तशी भिंतच नीट नाही. चालते ती डॉक्सिसायक्लिन, जुनी आणि स्वस्तातली गोळी. वेळेत सुरू झाली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत खाली येतो. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन देतात.

म्हणून मला हा देशी विरुद्ध इंग्रजी वाद वाटत नाही. कोणता जंतू, तो बसलाय कुठे, आणि तिथपर्यंत पुरेशा प्रमाणात काय पोचतं, एवढाच सवाल आहे. आमच्याच भागातल्या एका धान कापणीच्या मजुराला आठवडाभर काळमेघाचा काढा पाजला, मग कुणा सुईवाल्याकडे तीन-चार सुया टोचल्या. चंद्रपूरला पोचल्यावर नर्सबाईनं सदरा काढायला लावला तेव्हा काखेतली खपली दिसली. माणूस वाचला, पण व्हेंटिलेटर बघून आला. काळमेघानं त्याचं काही बिघडवलं नव्हतं, दिवस मात्र खाल्ले.

आणि कुरखेडकर, एका गोष्टीवर आपण दोघं एकत्र ओरडू. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून जी बिननावाची पुडी बाजारात विकतात, जिच्यानं दोन तासांत ताप जातो आणि रात्री भाकरी मागून खातो माणूस, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टेरॉइडनं ताप दबतो आणि शरीराची लढायची ताकदही दबते. जंतूला रान मोकळं.

---

वैद्य मृणाल

मी बीएएमएस, सध्या भंडारा जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आयुर्वेदाच्या नावानं हे निरोप फिरतात तेव्हा सगळ्यात जास्त चीड आम्हाला येते. चरकानं साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असा रोगांचा भेद स्वच्छ सांगितलाय. कुठे हात घालू नये हे ओळखणारा वैद्य चांगला, असं तो शास्त्रकारच म्हणतो. पाच पाल्यांचा काढा सगळ्यांना, सगळ्या तापांना, ही रीत आयुर्वेदाची नाहीच.

आमच्याकडचा खरा गोंधळ काविळीचा आहे. प्रत्येक तालुक्यात काविळीचं औषध देणारं एक प्रसिद्ध घर असतंच. कुणी एरंडाच्या पानांचा रस देतो, कुणी भुईआवळा, कुणी चुन्यानं हात धुवायला लावून पिवळं पाणी दाखवतो. (हातावर आधी आंब्याच्या सालीचा रस लागलेला असेल तर चुन्यानं तो पिवळा होतो, यकृताचा काही संबंध नाही.) गुण का येतो? कारण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. पण डोळे पिवळे होण्याची दहा कारणं. धानाच्या बांधीत अनवाणी उभं राहणाऱ्या माणसाला ताप, पोटऱ्यांत मरणाचं दुखणं, लालबुंद डोळे आणि मग कावीळ आली तर ती लेप्टोस्पायरोसिस असू शकते. उंदराच्या मुतातून पसरणारा जंतू, अँटिबायोटिकनं बरा होणारा, आणि उशीर झाला तर किडनी बंद पाडणारा. तो माणूस रसवाल्याच्या दारात बसलेला असतो.

भुईआवळ्याबद्दल प्रामाणिकपणे सांगते. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, हिपॅटायटिस बी चे निम्म्याहून जास्त वाहक भुईआवळ्यानं मोकळे झाले असा. आम्ही विद्यार्थिदशेत छाती फुगवून तो सांगायचो. पण पुढे इतरांनी करून पाहिलं तर तसा परिणाम हाती आला नाही.

आणि गुळवेलीनं काही बिघडत नाही असंही नाही. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या पेशंटमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीची शंका काढली. वाद कुणीही जिंको, रानातून आणलेली वेल नेमकी कुठली ते घरात कोण तपासतं?

---

धारणीचे गुरुजी

मेळघाटातून. आमच्याकडे हद्द आखायचं काम भुमका, म्हणजे कोरकूंचा पारंपरिक वैदूच करतो, हे शहरातल्या लोकांना समजत नाही. कोरकू माणूस आधी भुमकाकडे जातो, आणि भुमका म्हणाला "दवाखान्यात ने" तरच निमूट जातो. त्याला हिणवून काही होत नाही.

मोठ्या माणसाच्या काढ्यापेक्षा मला तान्ह्या लेकराची धास्ती. पोट फुगलं, दूध सोडलं, की पोटावर तापल्या सळीचे चटके. त्याला डंबा म्हणतात. पोट फुगणं आणि दूध सोडणं ही अंगभर जंतू पसरल्याची खूण असू शकते. तान्ह्या बाळाला पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. तिथं ना पाला, ना चटका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी अँटिबायोटिक द्यायला लावलं आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या बाया शिकलेल्या किती होत्या? जेमतेम. मुद्दा हा की दवाखाना लांब असला तर औषध जवळ आणता येतं.

---

तिखटजाळ

सगळं खरं, पण आमच्या पीएचसीला (सरकारी आरोग्य केंद्राला) दुपारनंतर कुलूप असते. काढा चुलीवर असते. लोकं काय मूर्ख म्हणून काढा पितात का?

---

वैद्य मृणाल

नाही. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काढा चुलीवर ठेवा, पण मलेरियाची तपासणी आशाताईकडच्या किटवर बोटाच्या थेंबातून पंधरा-वीस मिनिटांत होते. त्याला पीएचसीचं दार उघडं लागत नाही.

---

रेवती पुसदकर

मी नेहमी नुसती वाचते, पण आज विचारावंच लागतंय. माझ्या आईला (वय ६१, शुगर आहे) लघवीला जळजळ होत होती. गोखरू आणि धण्याचं पाणी चालू केलं, जळजळ कमी झाली. कालपासून हुडहुडी भरून ताप येतोय, उलटी झाली, कमरेच्या वर उजवीकडे दुखतं म्हणते. काका म्हणतात पळसाची फुलं गरम करून पोटावर बांधा. बांधू का?

---

सूक्ष्मदर्शी

रेवतीताई, आत्ता निघा. धागा नंतर वाचा. थंडी, उलटी आणि बरगडीच्या खालचं दुखणं म्हणजे इन्फेक्शन मूत्राशयातून किडनीत चढल्याची दाट शंका. शुगर असताना हे फार लवकर बिघडतं. सकाळची वाट पाहू नका. पहिली गोळी किंवा सुई देण्याआधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं याची तपासणी) पाठवायला सांगा. गाडी नसेल तर १०८.

---

बापूराव आकोटवाले

पोरी निघ लवकर. फुलं-गिलं राहू दे.

---

रेवती पुसदकर

यवतमाळला ॲडमिट केलंय. शिरेतून औषध चालू आहे, आज ताप उतरलाय. कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. दोन नेहमीच्या गोळ्या त्याच्यावर चालणार नाहीत असं रिपोर्टमध्ये आहे, डॉक्टरांनी सुई बदलली. आईला वाईट वाटतंय की धण्याच्या पाण्यानंच झालं.

---

सूक्ष्मदर्शी

त्यांना सांगा, धण्याच्या पाण्यानं काही झालेलं नाही. भरपूर पाणी पोटात गेल्यानं लघवी पातळ होते, जळजळ कमी होते, मूत्राशयातले थोडे जंतू वाहूनही जातात. फक्त जळजळ थांबली की आपण निर्धास्त होतो आणि वर काय चाललंय ते कळत नाही.

---

कुरखेड्याचा

दोन गोळ्या चालत नाहीत, बघा. मी हेच म्हणत होतो. ही कुणाची कृपा?

---

पांदणवाट

आमची. मेडिकलवाल्यांची, सुईवाल्यांची, आणि तीन गोळ्या घेऊन बाकीच्या पुढच्या तापासाठी डब्यात ठेवणाऱ्यांची. पण गोळी निकामी झाली म्हणून काढ्याचा जोर वाढत नाही. रिपोर्ट बघून दुसरी सुई निवडता आली म्हणून रेवतीताईंच्या आईचा ताप उतरला. काढ्याचं कल्चर कोण करणार?

---

कुरखेड्याचा

ठीक. माझं म्हणणं मग असं: सर्दी, अपचन, साधा जुलाब, खरूज, चिखल्या यांच्यासाठी माणसानं तुमच्या दुकानाची पायरी चढूच नये. उगाच घेतलेली प्रत्येक गोळी वाचेल ती पुढे कामाला येईल. आणि थंडी वाजून ताप आला की आमच्या पुजाऱ्यानंही किटची तपासणी करायला सांगावी. तेवढं मी आमच्या पाड्यावर बोलू शकतो.

---

पांदणवाट

माझा धंदा बुडेल, पण मंजूर.

---

बापूराव आकोटवाले

एक राह्यलं. डेंगूले आमच्याकडं पपईच्या पानाचा रस देतात. प्लेटलेट वाढतात म्हनते. तो तं विषाणू हाय ना, त्याच्यावर गोळी बी नाई. मंग रस प्यायला काय हरकत हाय?

---

वैद्य मृणाल

बापूराव, डेंग्यूवर थेट गोळी नाही हे खरं. पण डेंग्यूत माणूस मरतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यानं नाही, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी कोसळल्यानं. आणि ते होतं कधी? तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हा. घरचे म्हणतात रसानं गुण आला, आणि त्याच वेळी पोट दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, हिरड्यातून रक्त येतं. यातलं एकही दिसलं तर ताप नसला तरी दवाखाना. त्याआधी पाणी, ओआरएस, पेज भरपूर, आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीला ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. रस कडू असतो आणि उलटी आधीच होत असते, एवढ्यासाठी तरी मी तो देत नाही.

---

बापूराव आकोटवाले

कॉम्बिफ्लाम तं आमच्या घरी पत्ताच्या पत्ता पडून हाय, आंग दुखलं का सगळे तेच खातात. आजच उचलून ठेवतो. आन पांदणभाऊ, ते खपलीवालं एका कागदावर लिवून फोटो टाका ना, आमच्या ग्रामपंचायतीत चिकटवतो. चित्र काढता आलं तं काढा, मान्साले वाचाचा कटाळा येते.

---

पांदणवाट

उद्या दुपारी टाकतो. चित्र माझी पोरगी काढेल.